थँक यू न म्हणणाऱ्या कात्रीबाई

कात्रीबाईंच्या कोटाच्या उजव्या खिशात छाटणीची कात्री असे. लाल मुठीची, आखूड पात्यांची, गुलाबाच्या फांद्या कापायला वापरतात तशी. कोट कुठलाही असो, पावसातला, लोकरीचा किंवा चर्चला जायचा काळा, कात्री त्याच्या खिशात असायचीच. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते गावातल्या एका अंत्यविधीला. प्रार्थनेसाठी सगळे खाली वाकले आणि पुढच्या रांगेतून लाकडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. कुणी मान वळवून पाहिलं नाही. विधी संपल्यावर बाहेर पडताना एका उंच, वाळक्या बाईंनी खिशातून कात्री काढली, चर्चच्या फाटकावर झुकलेली काटेरी वेल दोन ठिकाणी कापली, कात्री परत खिशात टाकली आणि मग मयताच्या मुलाचा हात हातात घेतला. तुमचे आजोबा माझ्या कानाशी म्हणाले, "मी पस्तीस वर्षं डॉक्टरकी केली, पण मयताला कधी हत्यार घेऊन गेलो नाही."

त्यांचं खरं नाव मार्जरी. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून त्या कात्रीबाई झाल्या, आणि त्यांना ते कळल्यावर आवडलंही. मला तो शब्द तीनदा म्हणायला लावून त्यांनी तो पाठ केला. पुढे दारावर टकटक करून त्या स्वतःच सांगायच्या, "कात्रीबाई आली आहे."

मुक्ता, ईशान, हे सगळं कुठे घडलं ते आधी सांगते. लोकांची मुलं परदेशी जातात आणि आईबाप पुण्यात राहतात. आमच्याकडे उलट झालं. तुमची आई लग्न करून पुण्याला गेली आणि आम्ही दोघं इथे इंग्लंडात राहिलो. लंडनजवळच्या स्लाऊला, जिथे निम्मी वस्ती आपल्यासारख्यांचीच, आजोबांचा दवाखाना होता आणि मी तिथल्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी करायचे. दोघांचीही कामं संपल्यावर आजोबा म्हणाले, आता जरा झाडं बघत राहू. म्हणून दोन हजार दोनच्या वसंतात आम्ही ब्रिस्टलपासून तासाभरावरच्या या खेड्यात आलो. एक चर्च, एक पब, पोस्टाचं काम करणारं एक दुकान आणि बदकांचं तळं, एवढंच गाव. तूरडाळ आणि कढीलिंब आणायला वर्षातून दोनदा वेम्बलीला जावं लागे, आणि आजोबा त्याला तीर्थयात्रा म्हणत.

पण गावाभोवती जे आहे ते पाहायला माणसं लांबून येतात. टेकडीच्या माथ्यावर मातीचा गोल तट आहे, त्यात आता मेंढ्या चरतात. खाली एक रस्ता आहे, रोमन लोकांनी बांधलेला, पट्टीनं आखल्यासारखा सरळ. जंगलात एक झरा आहे आणि त्याच्यावरच्या झाडाला लोक अजून चिंध्या बांधतात. ते पाहून मला आपल्याकडचे नवस आठवले होते. आणि या सगळ्यांहून जुना म्हणजे लोफ. लोफ म्हणजे पावाची वडी. शेतापलीकडच्या चढावर गवतानं झाकलेला एक लांबट उंचवटा आहे, लांबून अगदी भट्टीतून काढलेल्या पावासारखा दिसतो. पुढच्या बाजूला माणसापेक्षा उंच पाच दगड उभे आहेत आणि आत एक छोटी खोली आहे. तिथे तेव्हाची माणसं आपले मृत ठेवत. आपली कार्ल्याची लेणी खोदली गेली तेव्हा लोफ साडेतीन हजार वर्षांचा म्हातारा होता, म्हणजे बघा.

या सगळ्या ठिकाणी जाणाऱ्या पायवाटा कात्रीबाई सांभाळत. इथे शेतं खासगी असतात, पण त्यांतून जाणाऱ्या कित्येक वाटा सगळ्यांच्या असतात. वाटेवर काटे वाढले, फाटकाचं बिजागर गंजलं, कुंपण ओलांडायची लाकडी पायरी कुजली, तर कुणीतरी बघावं लागतं. ते काम गावानं त्यांच्याकडे कधी दिलं हे कुणालाच आठवत नव्हतं. दर गुरुवारी सकाळी दहा वाजता चर्चच्या भिंतीशी आठ-दहा जण जमत आणि त्यांच्यामागून एकेका वाटेनं निघत. पहिल्या गुरुवारी मी स्वच्छ पांढरे बूट घालून गेले होते. त्या माझ्या बुटांकडे पाहून म्हणाल्या, "छान आहेत. बाराला परत बघू." पहिल्या नाताळाला त्यांनी मला कागदात गुंडाळलेली एक भेट दिली. आत लाल मुठीची कात्री होती. गुरुवारच्या मंडळींत टिकलेल्या प्रत्येकाला ती मिळे.

"मार्जरी, हे कौन्सिलचं काम नाही का?" मी एकदा विचारलं. "त्यांच्याकडे नकाशे असतात ना सगळ्या वाटांचे?"

"असतात, अगदी सुंदर नकाशे," त्या कापता कापता म्हणाल्या. "पण ब्रॅम्बलला वाचता येत नाही, सुमन."

ब्रॅम्बल म्हणजे काळ्या बेरींची काटेरी वेल. तिच्या जोडीला नेटल असते, आपल्या खाजकुइलीची गोरी बहीण. या दोघी एका उन्हाळ्यात वाट गिळून टाकतात. म्हणून कात्रीबाईंचा नियम होता की प्रत्येक वाटेवर महिन्यातून एकदा तरी पाय पडलाच पाहिजे. मला नियम आवडतात हे तुम्हाला माहीत आहे. मी लायब्ररीच्या सवयीनं सात वाटांची सात कार्डं केली. कुठे चढ, कुठे चिखल, कुठे बैल, सगळं त्यांवर लिहिलं. त्यावरून आम्ही पाहुण्यांसाठी एक पत्रक छापलं. आणि रोज रात्री जेवणाआधी मी डायरीत लिहीत असे, कुठे गेलो, हवा कशी होती, कोण भेटलं. मराठीत, कारण दिवसभर इंग्रजी बोलून झाल्यावर तेवढीच एक मोकळी जागा असे.

त्यांचा दुसरा नियम फाटकांचा. फाटक उघडं सापडलं तर उघडं सोडायचं, बंद सापडलं तर बंद करायचं. तुम्ही ऑगस्टमध्ये आला होता तेव्हाचं आठवतं का? ईशाननं एक फाटक उघडं टाकलं आणि त्याला अर्धा मैल मागे जाऊन ते लावून यावं लागलं. ते पाहून शहाण्या मुक्तानं पुढचं उघडं फाटक आपणहून लावलं. कात्रीबाईंनी तिलाही परत पाठवलं, ते उघडायला. "पलीकडे पाणी आहे आणि अलीकडे तहानलेल्या मेंढ्या," त्या म्हणाल्या. "आपण इथून फक्त चाललोय. व्यवस्था करायला आलेलो नाही." मुक्ता रडवेली झाली होती. मग त्यांनी खिशातून मिंटची गोळी काढली. ती कात्रीच्याच खिशातली असल्यामुळे तिला गवताचा वास येत होता, असं मुक्ता नंतर महिनाभर सांगत होती.

लोफशी पोचलं की त्या हातमोजा काढत, पहिल्या दगडावर उघडा तळवा ठेवत आणि म्हणत, "मॉर्निंग." दगड कितीही गार असो. पुस्तकात या ठिकाणाविषयी लिहिताना विद्वान लोक 'तत्कालीन जमाती' वगैरे म्हणतात. कात्रीबाई म्हणायच्या, 'वरचे शेजारी'. "त्यांचं स्वतःचं असं कुणी राहिलं नाही," त्यांनी मला सांगितलं. "मग कुणीतरी जाऊन यायला नको का?" त्यांचे वडील याच शेतावर घोड्यांनी नांगरत. त्यांना दुपारचं जेवण द्यायला आईचा हात धरून त्या सहाव्या वर्षापासून या वाटेनं येत होत्या. जेवण झालं की वडील त्यांना दगडांपर्यंत घेऊन जात आणि टोपी काढून मॉर्निंग म्हणत, मग दुपारचे दोन का वाजले असेनात.

एक गोष्ट मात्र मला त्यांची खटकत असे. लोफची वाट ज्याच्या शेतातून जायची तो टॉम नावाचा म्हातारा शेतकरी बरेचदा ट्रॅक्टरवर भेटे. मी आपली लगेच म्हणायची, "थँक यू सो मच." माणूस आपल्या शेतातून जाऊ देतो, तर आभार मानायला नकोत का? कात्रीबाई कधीही मानायच्या नाहीत. नुसतं "गुड मॉर्निंग, टॉम" म्हणून सरळ पुढे. एकदा त्यांनी मला कोपरानं हळूच ढोसलं आणि म्हणाल्या, "गुड मॉर्निंग पुरे." कारण सांगितलं नाही. मी घरी येऊन आजोबांना म्हटलं, "अहो, इंग्रजांच्या मॅनर्सचं इतकं कौतुक ऐकलं होतं."

आजोबा म्हणाले, "तू स्लाऊचे इंग्रज पाहिलेस. हे मूळचे."

मग टॉम वारला. त्याच्या मुलांनी शेत विकलं आणि लंडनहून नवे मालक आले. माणूस सभ्य होता. दुकानात भेटला तर आपणहून नाव सांगे, दार धरून ठेवी. माझ्या मनात आलं, आता हे नवे गृहस्थ, आपली आणि त्यांची ओळख नाही, आणि आपण दहा जण दर थोड्या दिवसांनी त्यांच्या धान्यातून चालत जाणार. हे बरं दिसत नाही. माझ्या आईनं मला शिकवलं होतं की दुसऱ्याच्या अंगणातलं फूल तोडायचं असेल तर आधी हाक मारावी. आणि नन्सच्या शाळेत मी शिकले होते की विनंती लेखी करावी. तेव्हा मी माझ्या सर्वांत चांगल्या कागदावर, सर्वांत चांगल्या अक्षरात एक पत्र लिहिलं. 'गुरुवारच्या मंडळींच्या वतीनं' असं लिहून मी त्यांना विनंती केली की आम्हाला लोफपर्यंत जाण्याची परवानगी कृपया द्यावी. सोबत डबाभर पातळ पोह्यांचा चिवडा. कुणालाही विचारलं नाही. मला सगळ्यांना सुखद धक्का द्यायचा होता.

तीन दिवसांत उत्तर आलं. आपल्याला आणि आपल्या मंडळींना परवानगी देण्यात मला आनंद वाटतो, आणि तो खमंग पदार्थ फारच छान होता. गुरुवारी चर्चच्या भिंतीशी मी ते पत्र कात्रीबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. मग भिंतीवर बसल्या आणि पुन्हा वाचलं. मी वाट पाहत होते की आता शाबासकी मिळणार.

"तुझ्या पत्राची प्रत ठेवलीस?" त्यांनी विचारलं.

"अर्थात. फाइलला आहे."

"ती असणारच." त्यांनी चष्मा काढला. "सुमन, लोफची वाट कौन्सिलच्या नकाशावर नाही."

मला काही समजेना. मग त्यांनी समजावलं. दुसऱ्या महायुद्धानंतर नकाशे झाले तेव्हा गावाच्या वतीनं वाटांची यादी करणाऱ्यानं ही वाट लिहिलीच नाही, कारण ती सगळ्यांना इतकी माहीत होती की लिहायचं कुणाला सुचलं नाही. अशी वाट नकाशावर आणायची तर लोक निदान वीस वर्षं तिच्यावरून चालत आले हे दाखवावं लागतं. आणि ते चालणं तीन प्रकारचं असून चालत नाही. त्यांनी बोटांवर मोजलं. "लपूनछपून नाही. दांडगाईनं नाही. आणि परवानगी मागून नाही. परवानगी मागितली म्हणजे वाट त्याची. देणारा उद्या काढूनही घेऊ शकतो."

म्हणून टॉमला थँक यू नव्हतं. आयुष्यभर त्यांनी जे शब्द तोंडातून निसटू दिले नव्हते, ते मी उत्तम अक्षरात लिहून, सही करून, सगळ्यांच्या वतीनं आणि चिवड्यासकट देऊन आले होते.

मला रडू आलं. त्यांनी पत्र नीट घडी करून मला परत दिलं. "चिवडा उरलाय का थोडा?" त्यांनी विचारलं. "मग चल, तुझ्याकडे चहा पिऊ." त्या दिवशी आम्ही कुठल्याच वाटेला गेलो नाही. पुढे कधीही, रागानं किंवा थट्टेनंही, त्यांनी मला त्या पत्रावरून एक शब्द ऐकवला नाही. आजोबांनी ऐकवला. "चाळीस वर्षं या देशात राहून," ते म्हणाले, "इंग्रजांपेक्षा इंग्रज झालीस, त्याचं हे फळ."

पुढच्या वसंतात व्हायचं ते झालं. मालकांनी जुनं कोठार लग्नासाठी भाड्यानं द्यायचं ठरवलं. कोठारासमोर मांडव पडणार आणि नेमकी त्याच्यासमोरून चिखलाच्या बुटांची आमची मंडळी जाणार. त्यांनी मला फार नम्र पत्र पाठवलं. दिलेली परवानगी यापुढे चालू ठेवता येत नाही याचा खेद वाटतो. शेताच्या तोंडाशी कुलूप लावलेलं नवं फाटक आलं. त्या गुरुवारी कात्रीबाई फाटकाच्या गजांना धरून उभ्या राहिल्या. लोफ तिथून दिसतो. सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शेजाऱ्यांना लांबूनच मॉर्निंग म्हटलं, आणि तेही इतकं हळू की मलाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या आमच्या दारात होत्या. हातात साक्षीदारांच्या जबाबाच्या कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा. "कात्रीबाई आली आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या फायली काढ."

माझ्या पत्राच्या आधीची वीस वर्षं सिद्ध करायची होती. ती वर्षं ज्यांच्या पायांत होती ती माणसं आता ऐंशीच्या घरात होती. कुणी वृद्धाश्रमात, कुणी लेकीकडे, कुणाला कालचं आठवत नव्हतं पण लोफवर कुणाबरोबर फिरायला गेलो होतो ते लख्ख आठवत होतं. कात्रीबाई बोलत्या करत आणि मी लिहून घेत असे. त्या शब्द कुणाच्या तोंडात घालायच्या नाहीत. एका आजोबांनी उत्साहानं सांगितलं की मी रोज जायचो. त्या म्हणाल्या, "हॅरॉल्ड, तू रोज पबमध्ये जायचास." शेवटी 'महिन्यातून एकदा' असं लिहिलं गेलं. असे एकतीस फॉर्म झाले. माझा बत्तिसावा. त्यात मी परवानगीचं पत्रही लिहिलं आणि डायरीचाही उल्लेख केला. माझ्या मनात एकदा येऊन गेलं होतं की पत्राचं आपण होऊन कशाला सांगा. पण ते कात्रीबाईंसमोर बोलायचा धीर झाला नाही.

प्रकरण दोन वर्षं चाललं. मालकांनी हरकत घेतली, आणि मग सरकारी इन्स्पेक्टरसमोर गावच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. चहाचे कप, रांगेत खुर्च्या, भिंतीवर बालवाडीच्या मुलांची चित्रं. समोर इन्स्पेक्टर, पन्नाशीच्या, शांत बाई. मालकांचे वकील लंडनहून आले होते. कात्रीबाई नेहमीचा काळा कोट घालून पहिल्या रांगेत बसल्या. बसताना खुर्चीवर टक असा आवाज झाला. त्यांची साक्ष पाच मिनिटांत संपली. तुम्हाला कुणी कधी अडवलं होतं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "एकदा. हंसानं."

मग माझी पाळी. वकिलांनी माझं पत्र मोठ्यानं वाचलं. माझी सगळी विशेषणं त्या हॉलमध्ये फिरून परत माझ्याकडे आली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"म्हणजे वाटेसाठी परवानगी लागते अशी तुमची समजूत होती."

"हो, माझी होती."

"आणि मंडळींच्या वतीनं लिहिलंय. म्हणजे त्यांचीही तीच समजूत असणार."

"मी त्यांना विचारलं नव्हतं," मी म्हटलं. ते अविश्वासानं हसले, जणू असं कोण करतं.

मग त्यांनी माझ्या फॉर्मवर बोट ठेवलं. तुम्ही रोजची डायरी ठेवता असं लिहिलंय. त्या शेतातून पहिल्यांदा गेलात त्या दिवशीची नोंद वाचाल का? त्यांना वाटलं असावं की खासगी जमिनीतून गेल्याचं मी तेव्हाही लिहिलं असेल. मी डायरी उघडून ते पान काढलं. त्या दिवशी काय लिहिलं होतं ते मी साफ विसरले होते.

"हे मराठीत आहे," मी म्हटलं. इतकी वर्षं जी माझी मोकळी जागा होती, तिच्यावर आता सगळं गाव डोळे लावून बसलं होतं.

"सावकाश इंग्रजी करून सांगा," इन्स्पेक्टर म्हणाल्या. "काही गाळू नका."

काही गाळायचं असतं तर कुणाला कळलं नसतं. त्या हॉलमध्ये मराठी येणारं दुसरं माणूस एकच होतं, आणि ते तिसऱ्या रांगेत बसून छताकडे पाहत होतं. मी वाचलं, एकेक वाक्य, जसं होतं तसं:

'आज गुरुवारच्या मंडळींबरोबर शेतातून लोफपर्यंत. हवा स्वच्छ. शेताचे मालक ट्रॅक्टरवर समोरच भेटले. मी त्यांचे आभार मानले. दुसऱ्या कुणीही मानले नाहीत. मार्जरीबाई तर नुसतं गुड मॉर्निंग म्हणून पुढे गेल्या, जणू काही शेत त्यांच्या वडिलांचंच. मालकांनी हात हलवला, काही बोलले नाहीत. इथे कुणी कुणाला विचारायची पद्धत दिसत नाही. इंग्रजांना म्हणतात तेवढे मॅनर्स नाहीत.'

कुणीतरी मागे फसकन हसलं आणि मग सगळा हॉल. इन्स्पेक्टर मान खाली घालून भराभर लिहीत होत्या. वकिलांनी, आणखी प्रश्न नाहीत, असं सांगितलं. मी लाजेनं कात्रीबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते, हसून की कशानं ते सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मार्जरी, मला माफ करा. मी तुमच्याबद्दल असं लिहायला नको होतं."

"वडिलांचंच शेत, असं म्हणालीस," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं नांगरलं त्यांनी ते. असं त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच कुणी सरकारी कागदावर लिहून घेतलं असेल." मग माझ्या दंडात हात घालून पुढे म्हणाल्या, "आणि उद्धट तर मी आहेच. फार कष्ट घेतलेत त्यासाठी."

निकालाला महिने लागतात. ते शेत तोवर बंदच राहणार होतं. पण सुनावणीनंतर मालकांनी, कशामुळे कोण जाणे, फाटकाचं कुलूप काढून टाकलं. तेव्हा कात्रीबाईंचं हृदय थकलं होतं. डिसेंबरातल्या एका गुरुवारी आम्ही दोघीच निघालो. फाटकापर्यंत पोचल्या आणि त्याच्याशेजारच्या दगडावर बसल्या. "आज इथवरच," त्या म्हणाल्या. "तू वर जाऊन ये. माझंही सांग."

मी एकटी वर गेले. हातमोजा काढून दगडावर तळवा ठेवला. इंग्रजीत मॉर्निंग म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंडातून नमस्कार निघाला. परत आले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या. मांडीवर फाटकाच्या वेलीचे कापलेले तुकडे होते.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही कोण, असं विचारलं नाही."

"नाही विचारायचे," त्या म्हणाल्या, आणि मला त्यांना उठवण्यासाठी हात पुढे करावा लागला. तेही पहिल्यांदाच.

फेब्रुवारीत त्या गेल्या. चर्चमध्ये प्रार्थनेसाठी सगळे वाकले तेव्हा लाकडावर लोखंड आपटल्याचे आवाज आठ-दहा ठिकाणांहून आले. कुणी ठरवलं नव्हतं. आजोबांनी त्या दिवशी काही विनोद केला नाही. त्यांच्याही खिशात होती.

निकाल मे महिन्यात आला. वाट सगळ्यांची ठरली. सोळा पानी निकालपत्रात बाराव्या पानावर एक वाक्य आहे, ते मी तुमच्यासाठी मराठीत लिहून ठेवते. 'परवानगी मागणारी एकमेव व्यक्ती गावात नवीन होती, आणि इतर कुणीही परवानगी मागत नाही याचं आश्चर्य तिनं स्वतःच त्या पत्राच्या चार वर्षं आधी नोंदवून ठेवलं होतं.' आजोबांनी ते वाक्य इतक्या वेळा मोठ्यानं वाचलं की निकालपत्र मला कपाटात ठेवावं लागलं.

जूनमध्ये कौन्सिलच्या माणसांनी वाटेच्या तोंडाशी ओकचा नवा खांब पुरला आणि त्यावर लोफकडे बोट दाखवणारी पाटी लावली. ऑगस्टपर्यंत ब्रॅम्बल पाटीवर चढली होती. मी ती कापली, आणि गुरुवारची मंडळी पुढे निघाली. कोठारापाशी नवे मालक उभे होते. आम्हाला पाहून त्यांनी हात वर केला. मी सर्वांत पुढे होते. साठ-पासष्ट वर्षांची सवय, थँक यू अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

"गुड मॉर्निंग," मी म्हटलं आणि पुढे झाले.

फाटक बंद सापडलं होतं. जाताना बंद केलं.